थांबलेला चुंबक कसा शोधावा?

बटण दाबलं की पंख्याची पाती क्षणभर उलटी सरकतात आणि मग सरळ फिरतात. ‘बीएलडीसी’ पंख्यांबद्दल ही तक्रार मी डोंबिवलीत अनेकांकडून ऐकतो. पंखा बिघडलेला नसतो; तो स्वतःचा चुंबक शोधत असतो.

जुना पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो, हा तिसाच्या आसपास. याच्या फिरत्या भागात कायमचे चुंबक असतात. मात्र कोणत्या गुंडाळीत केव्हा प्रवाह सोडायचा, हे ठरवायला चुंबक नेमका कुठे आहे ते कळावं लागतं. त्यासाठी सेन्सर बसवता येतो; पण त्याचा खर्च, जास्तीच्या तारा आणि आपला दमट पावसाळा पाहता बिघडायला एक जागा वाढते. म्हणून पंख्यात तो बहुधा वगळतात. फिरणारा चुंबक गुंडाळीत विद्युतदाब निर्माण करतो. त्यावरून चुंबकाची जागा गणिताने काढतात.

अडचण अशी, की हा दाब वेगाच्या प्रमाणात असतो. थांबलेला चुंबक मुकाच. मग पंखा आधी प्रवाह सोडून चुंबकाला ठरावीक जागी ओढून घेतो. तीच ती उलटी हालचाल.

मंद वेगातही गणित डगमगतं, कारण त्यात तारेचा रोध धरावा लागतो. तांबं ३० अंशांवरून १०० अंशांवर तापलं की रोध सव्वापट होतो. म्हणून सुधारित नियंत्रक मोटर चालू असतानाच रोधाचा अंदाज बदलत राहतात.

थांबलेल्या मोटरसाठी वेगळी युक्ती आहे. १९९८ साली कॉर्ली आणि लॉरेन्झ या संशोधकांनी ती मांडून दाखवली. गुंडाळीत उच्च वारंवारितेचा लहानसा दाब सोडायचा. चुंबक लोखंडाच्या आत बसवलेले असतील, तर दिशेनुसार प्रवाहाचा प्रतिसाद बदलतो आणि जागा उमगते. चुंबक पृष्ठभागावर असतील, तर हा फरक फारच थोडा पडतो.

पंख्याची अर्धी गिरकी चुकली तर काही बिघडत नाही. पण घोडबंदर रस्त्यावर, गायमुख घाटाच्या चढावर थांबलेली भरलेली गाडी क्षणभरही मागे सरकून चालणार नाही. म्हणून माझं मत असं: वाहनात सेन्सर राहू द्यावा आणि हे गणित त्याच्या जोडीला ठेवावं. सेन्सर बंद पडला, तरी गाडी निदान रस्त्याच्या कडेला सुखरूप लागेल.