राजदूत, टपाल कचेरी आणि भोकरदनचा पासपोर्ट

जालना जिल्ह्याच्या उत्तरेस केळणा नदीच्या काठी वसलेले भोकरदन हे आज तालुक्याचे गाव म्हणूनच ओळखले जाते. परंतु दोन हजार वर्षांपूर्वी त्याचे नाव ‘भोगवर्धन’ होते आणि उत्तरेतील उज्जयिनीला दक्षिणेतील प्रतिष्ठानशी म्हणजे पैठणशी जोडणाऱ्या व्यापारी मार्गावरचे ते एक गजबजलेले नगर होते. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची जी गावे कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनाचा उल्लेख सापडतो. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी डॉ. शां. भा. देव आणि डॉ. रा. श्री. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन केले, तेव्हा एक भग्न हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिचा वरचा भाग नाहीसा झालेला आहे. तरीही इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांच्या ध्यानात आल्यावाचून राहिले नाही. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे तत्पूर्वीच या परिसरातील किंवा याच घडणीची एक वस्तू समुद्र ओलांडून रोमन श्रीमंताच्या घरात पोहोचली होती.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की ज्या गावची कारागिरी पॉम्पेईतील मूर्तीशी नाते सांगते, त्या गावच्या तरुणाला अगदी अलीकडेपर्यंत साध्या पासपोर्टसाठी शेकडो किलोमीटर प्रवास करावा लागत होता. देशभरात जी ७७ पासपोर्ट सेवा केंद्रे २०१२ पर्यंत उभी राहिली, त्यांतील महाराष्ट्राच्या वाट्याची केंद्रे मुंबई, ठाणे, नाशिक, पुणे आणि नागपूर या शहरांतच होती. मराठवाड्यात एकही नव्हते. भोकरदनहून मुंबई चारशे किलोमीटरच्या आसपास आहे. एक दिवस जाण्याचा, एक कामाचा आणि एक परतीचा. कागदपत्रांत एखादी त्रुटी निघाली तर पुन्हा तोच फेरा. मग दलालाचे फावते, यात नवल ते काय? हे चित्र बदलण्याचे श्रेय ज्या थोड्या अधिकाऱ्यांना जाते, त्यांत एका मराठी मुत्सद्द्याचे नाव आवर्जून घ्यावे लागेल. ते म्हणजे ज्ञानेश्वर मुळे.

मुत्सद्दी म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बंद गळ्याचा कोट, मेजवान्या आणि गुळगुळीत इंग्रजी येते. या कल्पनेला इतिहासाचा आधार नाही असे नाही. भारतीय परराष्ट्र सेवेची स्थापना ऑक्टोबर १९४६ मध्ये झाली आणि आरंभीच्या काळात तिच्यात संस्थानिकांची, जुन्या प्रशासकीय घराण्यांची आणि परदेशी शिकून आलेल्यांची वर्दळ होती. मराठी माणसांपुरते बोलायचे तर औंधच्या राजघराण्यातील अप्पासाहेब पंत १९४८ मध्ये पूर्व आफ्रिकेत भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीला गेले आणि पुढे लंडनला उच्चायुक्त झाले. राम साठे १९७९ ते १९८२ या काळात परराष्ट्र सचिव होते. अलीकडे विजय गोखले २०१८ ते २०२० या काळात त्याच पदावर होते. ही सारी मोठी नावे आहेत. मुळे यांची वाट मात्र वेगळ्या ठिकाणाहून सुरू होते.

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात अब्दुललाट हे गाव आहे. तेथे १९५८ मध्ये मुळे यांचा जन्म झाला. गावच्या शाळेतून ते वयाच्या दहाव्या वर्षी कोल्हापूरच्या राजर्षी शाहू छत्रपती विद्यानिकेतनात गेले. ग्रामीण भागातील हुशार मुलांसाठी जिल्हा परिषदेने चालविलेली ही शाळा. मुंबई-पुण्याच्या नामांकित शाळांची मक्तेदारी समजली जाणारी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती शालान्त परीक्षेत मिळविणारा ग्रामीण भागातील पहिला विद्यार्थी म्हणून त्यांचे नाव झाले. पुढे कोल्हापुरातच इंग्रजी साहित्याची पदवी, नंतर राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा, पुण्यात उपजिल्हाधिकारीपद आणि १९८३ मध्ये परराष्ट्र सेवा. ‘माती, पंख आणि आकाश’ या आत्मकथनात त्यांनी हा प्रवास लिहिला आहे. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांतून ते पुस्तक हातोहात फिरताना दिसते.

त्यांच्या चरित्रातील उपजिल्हाधिकारीपदाचा टप्पा सहसा एका ओळीत उरकला जातो. मला तो महत्त्वाचा वाटतो. तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर दाखल्यासाठी तिष्ठणारा माणूस ज्याने टेबलाच्या पलीकडून पाहिला आहे, त्याला पुढे पासपोर्टच्या रांगेचा अर्थ निराळा कळत असणार.

परराष्ट्र सेवेतील चाकोरी सामान्य वाचकाला फारशी ठाऊक नसते, म्हणून थोडे विषयांतर. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून निवड झाली, की प्रशिक्षणानंतर अधिकाऱ्याला एक परकी भाषा नेमून दिली जाते आणि ती आत्मसात केल्याशिवाय नोकरी पक्की होत नाही. तृतीय सचिव, द्वितीय सचिव, प्रथम सचिव, समुपदेशक अशा पायऱ्या चढत तो राजदूतपदापर्यंत पोहोचतो. राष्ट्रकुलातील देशात याच पदाला उच्चायुक्त म्हणतात. राजधानीबाहेरच्या मोठ्या शहरात महावाणिज्यदूत असतो. त्याचे काम राजकारणापेक्षा व्यापार, व्हिसा आणि तेथील भारतीयांची सुखदुःखे यांच्याशी अधिक निगडित असते. दर तीन-चार वर्षांनी देश बदलतो, मुलांच्या शाळा बदलतात, घरातल्या वृद्धांचे आजारपण दूरध्वनीवरून ऐकावे लागते. मुळे यांच्या वाट्याला टोकियो आले आणि त्यांनी जपानी भाषा शिकून घेतली. पुढे मॉस्को, मॉरिशस, दमास्कस असा प्रवास झाला.

एप्रिल २००९ च्या सुमारास ते मालदीवमध्ये उच्चायुक्त म्हणून रुजू झाले. नकाशावर ठिपक्यांएवढा दिसणारा हा देश, परंतु हिंदी महासागरातील जलमार्गांमुळे भारताच्या दृष्टीने अत्यंत मोलाचा. तेथे २००८ मध्ये पहिली बहुपक्षीय अध्यक्षीय निवडणूक होऊन मोहम्मद नशीद सत्तेवर आले होते. ७ फेब्रुवारी २०१२ रोजी नशीद पायउतार झाले आणि उपाध्यक्ष मोहम्मद वाहीद अध्यक्ष झाले. आपल्याला बळजबरीने राजीनामा द्यायला लावला, असे नशीद यांचे म्हणणे होते. भारताने नव्या सरकारला तत्काळ मान्यता दिली. ही घाई होती, अशी टीका तेव्हाही झाली आणि माझ्या मते ती निराधार नव्हती. मात्र असे निर्णय दिल्लीत होतात. उच्चायुक्ताला त्यांची किंमत जागेवर मोजावी लागते, एवढेच.

ती किंमत लवकरच मोजावी लागली. माले विमानतळाच्या विकासाचे २०१० मधील कंत्राट भारतीय जीएमआर कंपनी आणि तिच्या मलेशियन भागीदाराकडे होते. नव्या राजवटीत या कंत्राटाविरुद्ध वातावरण तापविण्यात आले. नोव्हेंबर २०१२ मध्ये एका जाहीर सभेत अध्यक्षांच्या प्रवक्त्याने मुळे यांना नाव घेऊन मालदीवचा आणि तेथील जनतेचा शत्रू ठरविले. यजमान देशाच्या अध्यक्षीय कार्यालयातील व्यक्तीने उच्चायुक्ताविषयी असे बोलणे हा राजनैतिक शिष्टाचाराचा उघड भंग होता. भारताने तीव्र निषेध नोंदविला, मालदीव सरकारला त्या वक्तव्यापासून हात झटकावे लागले. कंत्राट मात्र त्याच महिन्याच्या अखेरीस रद्द झाले. पुढे २०१६ मध्ये लवादाने कंपनीला सुमारे २७ कोटी डॉलरची भरपाई देवविली, परंतु तोवर पाणी बरेच वाहून गेले होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये अटकेच्या भीतीने नशीद थेट भारतीय उच्चायुक्तालयात शिरले आणि दहा दिवस तेथेच राहिले. बाहेर पोलीस, आत माजी अध्यक्ष आणि दिल्लीहून क्षणोक्षणी येणाऱ्या सूचना. मुत्सद्देगिरीतील मेजवान्यांची बाजू सर्वांना दिसते, ही बाजू दिसत नाही.

त्याच वर्षी मुळे न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत झाले. डिसेंबर २०१३ मध्ये त्याच कार्यालयातील उप-महावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना घरकामगाराच्या व्हिसासंबंधीच्या आरोपावरून अमेरिकी यंत्रणेने अटक केली आणि दोन्ही देशांत अभूतपूर्व कटुता निर्माण झाली. हे प्रकरण वॉशिंग्टन आणि दिल्ली यांच्यात हाताळले गेले, तरी त्याची पहिली धग न्यूयॉर्कच्या कार्यालयालाच लागली. सप्टेंबर २०१४ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची अनिवासी भारतीयांसमोर जंगी सभा झाली, तीही याच कारकिर्दीत.

एवढ्यावर हे चरित्र संपले असते, तर ते एका कर्तबगार राजदूताचे चरित्र ठरले असते आणि भोकरदनशी त्याचा काही संबंध उरला नसता. तो संबंध आला २०१६ नंतर, जेव्हा मुळे दिल्लीत परतले आणि पासपोर्ट, व्हिसा, वाणिज्यदूतीय सेवा व अनिवासी भारतीयांचे व्यवहार हा विभाग त्यांच्याकडे सचिव या नात्याने आला. परराष्ट्र खात्यात या विभागाला फारशी प्रतिष्ठा नाही, असे खासगीत सांगितले जाते. चीन, अमेरिका, पाकिस्तान हाताळणारे ते थोर आणि पासपोर्ट हाताळणारे ते कारकुनी, असा एक अलिखित समज.

प्रामाणिकपणे सांगायचे तर पायाभरणी आधीच झालेली होती. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसबरोबर २००८ मध्ये करार होऊन संगणकीकृत पासपोर्ट सेवा प्रकल्प आकाराला आला होता आणि कामाचा वेग वाढला होता. कमतरता होती ती अंतराची. नवी इमारत, नवे भाडे, नवे कर्मचारी या मार्गाने प्रत्येक जिल्ह्यात केंद्र उघडायला दशके लागली असती. त्यावर निघालेला तोडगा विलक्षण साधा होता. प्रत्येक जिल्ह्यात मध्यवर्ती ठिकाणी सरकारी जागा कोणाची आहे? टपाल खात्याची! जागा आणि माणसे टपाल खात्याची, यंत्रणा व अधिकार परराष्ट्र खात्याचे, अशी सांगड घालून २५ जानेवारी २०१७ रोजी म्हैसूर आणि गुजरातेतील दाहोद येथे पहिली दोन केंद्रे सुरू झाली. कोणत्याही नागरिकाला पासपोर्टसाठी पन्नास किलोमीटरपेक्षा अधिक लांब जावे लागू नये, असे उद्दिष्ट तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी त्याच वर्षी जाहीर केले. सुषमाबाईंचे राजकीय पाठबळ नसते, तर दोन खात्यांची ही सोयरीक जुळली असती की नाही, शंकाच आहे. आज अशा टपाल कचेऱ्यांतील केंद्रांची संख्या देशभरात चारशेच्या वर आहे. २०१७ मध्येच औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, असे केंद्र उघडले आणि भोकरदनकरांचा तीन दिवसांचा फेरा एका दिवसावर आला.

अंतराइतकाच जाच कागदांचा होता. २६ जानेवारी १९८९ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मदाखला सक्तीचा होता. ज्या वस्त्यांवर जन्माची नोंद करण्याची रीतच नव्हती, तेथील मुलांनी तो आणावा कोठून? डिसेंबर २०१६ मध्ये नियम सैल झाले. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, मतदार ओळखपत्र यांपैकी काहीही जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालू लागले. आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव दिले तरी पुरेसे ठरले. विवाह प्रमाणपत्राची अट गेली, घटस्फोटितेला पूर्वीच्या पतीचे नाव लिहिण्याची गरज उरली नाही. जोडपत्रांची संख्या पंधरावरून नऊवर आली. एकट्या आईने वाढविलेल्या मुलाच्या दृष्टीने या बदलाचे मोल काय असेल, ते शहरातील वाचकांनाही समजावे. २०१८ च्या जूनमध्ये मोबाइल अ‍ॅप आले आणि देशात कोठूनही अर्ज करण्याची मुभा मिळाली, त्यामुळे पुण्यात शिकणाऱ्या मराठवाड्यातील मुलाला गावी धावण्याचे कारण राहिले नाही.

२०१८ च्या अखेरीस मुळे निवृत्त झाले आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे सदस्य झाले. ‘पासपोर्ट मॅन’ हे बिरुद त्यांना माध्यमांनी चिकटविले. असली बिरुदे मला एरवी रुचत नाहीत, कारण शेकडो कर्मचाऱ्यांचे काम त्यांत एका नावाखाली झाकले जाते. तरीही मालेतील दहा दिवस आणि न्यूयॉर्कची सभा यांच्यापेक्षा टपाल कचेरीतील ती खिडकी अधिक काळ टिकेल, असे वाटते.

त्या खिडकीवर सारेच सुटते असे मात्र नाही. पोलीस पडताळणी हा टप्पा अजून कायम आहे आणि त्यात किती दिवस जातील हे स्थानिक ठाण्यावर अवलंबून असते. दहावी उत्तीर्ण नसलेल्या तरुणाच्या पासपोर्टवर आजही स्थलांतर-तपासणीची नोंद पडते आणि आखाती देशांसह ठरावीक अठरा देशांत नोकरीला जाण्यापूर्वी त्याला शासनाची वेगळी परवानगी घ्यावी लागते. त्याच्या संरक्षणासाठी १९८३ च्या कायद्याने केलेली ही तरतूद आहे, परंतु एजंट तिचाच धाक दाखवून त्याच्याकडून पैसे उकळतात. जन्मदाखल्याच्या बाबतीतही २०२५ मध्ये नियम पुन्हा बदलला. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांसाठी आता जन्मदाखला हाच एकमेव पुरावा मानला जातो. भोकरदन तालुक्यातील पालकांनी मुलाच्या जन्माची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत वेळेत करून घेतलेली बरी.