पंधरवड्याचे डॉलर आणि घरभाडे

ऑस्ट्रेलियात 20 मार्च आणि 20 सप्टेंबर या दोन तारखा कित्येक घरांत तोंडपाठ असतात. वृद्धांचे निवृत्तिवेतन, बेकारभत्ता, घरभाड्याला मिळणारा हातभार, या सगळ्यांचे आकडे त्या दिवशी बदलतात. त्यासाठी मोर्चा काढावा लागत नाही की मंत्र्याची मिनतवारी करावी लागत नाही. महागाईचा निर्देशांक चढला की रक्कम कायद्यानेच वर सरकते. गरिबाला दर वेळी हात पसरायला न लावणारी ही तरतूद फार मोलाची आहे.

गोम आहे ती मोजपट्टीत. 1997 पासून वृद्धांचे निवृत्तिवेतन महागाईबरोबरच पुरुषांच्या सरासरी कमाईशीही कायद्याने बांधलेले आहे. बेकारभत्ता मात्र निव्वळ महागाईच्या दोरीला. पगार बहुधा किमतींपेक्षा जोरात वाढतात, त्यामुळे दोन्ही रकमांतली दरी वर्षागणिक रुंदावत गेली. 1994 नंतरच्या पाव शतकात बेकारभत्त्यात महागाईपलीकडची म्हणावी अशी वाढ झालीच नाही. मग कोविड आला आणि 27 एप्रिल 2020 पासून पंधरवड्याला 550 डॉलरची जादा भर पडू लागली. भत्ता जवळजवळ दुप्पट झाला! म्हणजे इच्छा असली तर सरकारला हे जमते, एवढे तरी तेव्हा दिसले. ती भर टप्प्याटप्प्याने कमी होत मार्च 2021 अखेर बंद झाली आणि कायमची वाढ उरली 50 डॉलरची.

2023 मध्ये माजी मंत्री जेनी मॅकलिन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सरकारला स्पष्ट सांगितले की, बेकारभत्ता निवृत्तिवेतनाच्या 90 टक्के करा. सरकारने दिले पंधरवड्याला 40 डॉलर. त्या 20 सप्टेंबरला महागाईची भर धरून एकट्या माणसाचा मूळ भत्ता 749 डॉलर 20 सेंट झाला. त्याच दिवशी पूरक रकमांसह एकट्या वृद्धाचे निवृत्तिवेतन होते 1096 डॉलर 70 सेंट. सत्तर टक्केही नाही. बेकार माणसाला भाजीपाला काही स्वस्त मिळत नाही, मग हा भेद कशासाठी?

पूर्वपीठिका थोडक्यात अशी: निवृत्तिवेतनाचा कायदा 1908 चा, बेकारभत्ता 1945 पासून, आणि भाडे भरणाऱ्या एकट्या पेन्शनरांना आठवड्याला दहा शिलिंगांची पूरक मदत 1958 पासून. आजच्या भाडेसाह्याचे मूळ तेच.

त्या 1908 च्या कायद्यापाशी मराठी वाचकाने जरा थांबायला हवे. ऑस्ट्रेलियात न जन्मलेले आशियाई त्यातून नाव घेऊन वगळले होते, आणि त्या भूमीचे मूळ रहिवासीही. तिथे उभे आयुष्य राबलेल्या हिंदी माणसाला म्हातारपणी छदाम मिळत नसे. 1922 मध्ये व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेले आणि तिथल्या हिंदी लोकांच्या हक्कांची बाजू त्यांनी ठिकठिकाणी मांडली. हे शास्त्री म्हणजे पुण्यात गोखल्यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे त्यांच्या पश्चात झालेले अध्यक्ष. पुढे 1926 मध्ये ब्रिटिश हिंदी प्रजाजनांना निवृत्तिवेतनाचे दार उघडले. आज मेलबर्नला मुलाकडे कायमच्या राहायला गेलेल्या आजीआजोबांना त्यासाठी साधारण दहा वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. 1908 मध्ये रहिवास कितीही असो, दार बंदच होते.

आता भाडेसाह्याचे गणित, कारण सारी मेख तिथेच आहे. एका ठरावीक रकमेपर्यंतचे भाडे माणसाने स्वतः भरायचे. त्यावरच्या प्रत्येक डॉलरमागे सरकार 75 सेंट देते, पण एका कमाल मर्यादेपर्यंतच. ही मर्यादा सप्टेंबर 2023 मध्ये 15 टक्क्यांनी आणि सप्टेंबर 2024 मध्ये आणखी 10 टक्क्यांनी वाढवली गेली, महागाईची भर वेगळी. सप्टेंबर 2024 मध्ये वेगळ्या घरात राहणाऱ्या एकट्यासाठी उंबरठा होता पंधरवड्याला 149 डॉलर आणि कमाल साह्य 211 डॉलर 20 सेंट. समजा, भाडे 500 डॉलर आहे. वरच्या 351 डॉलरचे पाऊण म्हणजे 263 डॉलर 25 सेंट होतात, पण हातात पडतात 211 डॉलर 20 सेंटच. मालकाने उद्या भाडे 50 डॉलरने वाढवले तर ते सगळेच्या सगळे भाडेकरूच्या अंगावर! कारण तेव्हा 430 डॉलर 60 सेंटलाच, म्हणजे आठवड्याला जेमतेम 215 डॉलर भाड्यालाच, साह्याची कमाल मर्यादा गाठली जात होती. तेवढ्यात सिडनीत स्वतंत्र घर मिळणे जवळजवळ अशक्य. टक्केवारी बातमीत मोठी दिसते. टाच घासते ती या मर्यादेला.

अँग्लिकेअर ऑस्ट्रेलिया ही संस्था दरवर्षी एका शनिवार-रविवारी देशभरच्या ‘भाड्याने देणे आहे’ जाहिराती तपासते. 2024 मध्ये अशा 45,115 जागा निघाल्या. उत्पन्नाच्या 30 टक्क्यांपर्यंत भाडे परवडते असे धरले, तर बेकारभत्त्यावरच्या एकट्या माणसाला त्यांतल्या परवडण्याजोग्या होत्या तीन. तिन्ही म्हणजे इतरांबरोबर वाटून राहायच्या घरांतल्या खोल्या. आणि घर असे वाटून घेतले की बेकारभत्त्यावरच्या एकट्या माणसाची भाडेसाह्याची कमाल मर्यादा दोन तृतीयांशावर येते.