धुरा पेटवायचा की ताडपत्री शोधायची?

मार्च लागला की वाशीम जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या मनात दोन उलट्या धास्ती एकदमच येतात. सोंगून ठेवलेला हरभरा भिजू नये ही एक, आणि तोच हरभरा पेटू नये ही दुसरी. सरकारदरबारी वणवा वनविभागाकडे जातो, गारपीट महसूल आणि कृषीकडे. आभाळात मात्र अशी खातेवाटणी नाही. दुपारी तीनपर्यंत जाळणारी हवा आणि संध्याकाळी पाचला झोडपणारी हवा हा बऱ्याचदा एकाच दिवसाचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असतो.

आधी पूर्वार्ध. वाशीम शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, अकोला तीनशेच्याही खाली. पातूर सोडून मेडशीकडे चढू लागलं की उकाडा थोडा कमी होतो, पण हवा तितकीच कोरडी राहते. वायव्येकडून येणाऱ्या वाऱ्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. सागाची पानं तोवर गळून गेलेली असतात आणि मेडशी, मानोऱ्याकडच्या जंगलात पाचोळ्याचा थर साचलेला असतो. आपल्याकडचा वणवा शेंड्याशेंड्यांवरून धावत नाही. तो जमिनीवरून सरकतो, रोपं आणि पक्ष्यांची घरटी खात जातो. गवताळ रानात तो जास्त वेगात असतो. २००० साली जाहीर झालेलं कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य जेमतेम अठरा चौरस किलोमीटरचं आहे. वाळल्या गवताला वारा मिळाला तर एवढं क्षेत्र फार नाही.

ही आग बहुतेक वेळा माणूसच लावतो. मोहफुलं वेचायला झाडाखालची जागा साफ हवी म्हणून, तेंदूला नवी पालवी चांगली फुटावी म्हणून, आणि सगळ्यात जास्त वेळा धुऱ्यावरचा कचरा, पऱ्हाट्या, गव्हाची धसकटं उरकून टाकावीत म्हणून. जाळणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, वेळ वाईट असते. राखीव वनात आग लावणं भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे, पण धुऱ्यावरची ठिणगी पुढे कुठे गेली हे सिद्ध कोण करणार? देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीचे इशारे वन कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर येतात. यातल्या सर्वांत बारीक नजरेच्या उपग्रहांची फेरी साधारण दुपारी दीडला आणि रात्री दीडला होते. तीन वाजता पेटलेला धुरा त्यांना दिसेपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते.

आता उत्तरार्ध. भूमध्य समुद्राकडून उत्तर भारतात येणारे पश्चिमी झंझावात कधी कधी आपली थंड हवा दक्षिणेकडे बरीच खाली, विदर्भाच्या डोक्यावर आणतात. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून खालच्या थरात बाष्प येतं. खाली तापलेली दमट हवा आणि वर गारठा अशी जोडी जमली की दुपारनंतर ढग बारा-बारा किलोमीटर उंच चढतात. मार्चमध्ये गोठणपातळी चार किलोमीटरच्या आसपास असल्याने गार जमिनीवर पोचेपर्यंत टिकते. मे महिन्यात ही पातळी वर सरकते. कडकडाट वाढतो, गारा मात्र बऱ्याचदा वाटेतच विरघळतात. म्हणून गारपिटीची खरी भीती फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत राज्यभर जे घडलं ते कुणी विसरलेलं नाही. ११ फेब्रुवारी २०१८ ला रिसोड तालुक्याने ते पुन्हा पाहिलं. रिसोडकडे कांद्याचं बीजोत्पादन घेतात. गारेने गोंडा मोडला की पीक तिथेच संपतं. संत्र्याच्या आंबिया बहाराची बारीक फळंही याच दिवसांत झाडावर असतात.

नुसत्या वाऱ्यानेही जीव जातात. ९ एप्रिल २०२३ च्या रात्री शेजारच्या अकोला जिल्ह्यात, पारसला, वादळात कडुनिंबाचं झाड मंदिराच्या टिनशेडवर कोसळून सात भाविक गेले.

आग आणि वादळ यांची गाठ पडते ती याच वाऱ्यामुळे. पाऊस येण्याआधी ढगातून थंड हवा धाडकन खाली कोसळते आणि चहूकडे पसरते. पाच-दहा मिनिटं धूळ उडते, वाऱ्याची दिशा पार बदलते. दुपारी शांतपणे धुमसत असलेला धुरा नेमका तेव्हा शेजाऱ्याच्या गंजीवर जातो. गोठा आणि कुटार वाचवायला मागून येणारा पाऊस पुरेलच असं नाही.

अंदाज या बाबतीत किती कामाचा? हवामान विभाग मार्च ते मे या तीन महिन्यांचा जो अंदाज देतो, तो तापमान आणि उष्णतेच्या लाटांबद्दल बरंच सांगतो. अमुक गावात गारा पडतील हे त्यात नसतं, असू शकत नाही. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळची घटमांडणी ऐकायला अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी गर्दी जमते, साऱ्या वर्षाचं भाकीत हवं असतं. मला वाटतं, आपला ओढा लांबच्या भाकिताकडे आहे आणि उपयोगाचा अंदाज आहे तीन तासांचा. नागपूरचं हवामान केंद्र रडार पाहून तो देतं. पण नागपूरहून वाशीम सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरहून जास्त दूर. पृथ्वीच्या गोलाईमुळे रडारचा किरण इथे पोचतो तेव्हा जमिनीपासून पाच किलोमीटर वर असतो. उंच ढग त्याला दिसतो, त्याखाली घोंघावणारा वारा नाही. त्यात ‘तुरळक ठिकाणी’ अशी सूचना वाचून पुष्कळ जण सुस्कारा सोडतात. ते वादळ किती भागात होईल, याचं माप आहे. ज्याच्या वावरावर ते येतं त्याला पूर्णच येतं.

तेव्हा पिवळा किंवा नारिंगी इशारा असेल त्या दिवशी धुरा पेटवूच नये, सकाळीसुद्धा नाही. धसकटांखालचा विस्तव दुपारपर्यंत जिवंत राहतो. गंजीभोवती दहा-पंधरा फूट जमीन वखरून ठेवावी, वरून ताडपत्री दोरीने आवळावी आणि गंजी विजेच्या तारांखाली रचू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप परिसरात वीज पडू लागली की सांगतं. मात्र ते शेतात असलेल्याच्या फोनमध्ये हवं, आणि बरेचदा फोन घरी, पोराच्या हातात असतो. मजूर शेतात असतील तर कुणीतरी घरून हाक मारायची जबाबदारी घ्यावी. कडकडाट ऐकू आल्यावर संत्र्याच्या बागेत किंवा बांधावरच्या कडुनिंबाखाली थांबण्यापेक्षा भिजत गाव गाठलेलं बरं, आणि तेही पहिल्या गडगडाटालाच. टपोरे थेंब सुरू होईपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो.