अंधारात जपलेली चित्रे पडद्यावर

व्हिएन्ना : आल्ब्रेख्त ड्यूररने १५०२ साली जलरंगांत रंगवलेला ससा ही येथील ‘आल्बर्टिना’ संग्रहालयाची ओळख आहे, परंतु केवळ तो पाहण्यासाठी आलेल्या प्रवाशाच्या वाट्याला बहुधा निराशाच येते. मूळ चित्र बहुतांश काळ अंधारात असते. प्रकाशाने कागद पिवळा पडतो, रंग विटतात आणि ही झीज कधीच भरून निघत नाही. म्हणून अशी चित्रे मंद प्रकाशात, थोड्याच काळासाठी मांडली जातात.

हा संग्रह साक्स-टेशनचे ड्यूक आल्बर्ट (१७३८–१८२२) यांचा. सम्राज्ञी मारिया तेरेसा यांच्या या जावयाला १७७६ साली व्हेनिसमधील ऑस्ट्रियाचे राजदूत काउंट जाकोमो दुरात्सो यांनी मुद्राचित्रांचा पहिला मोठा संच सुपूर्द केला. पुढे १७९६ मध्ये शाही ग्रंथालयातून ड्यूररची रेखाटने आली. हाब्सबुर्ग राजवट कोसळल्यावर, १९१९ साली, संग्रह प्रजासत्ताकाच्या मालकीचा झाला. आज त्यात सुमारे दहा लाख मुद्राचित्रे व रेखाटने आहेत. मालकी जनतेची झाली, तरी दर्शन दुर्मीळच राहिले.

डिजिटायझेशनमुळे ही कोंडी काही अंशी सुटते. चित्र एकदाच प्रकाशात आणून, शेजारी रंगपट्टी ठेवून त्याचे सूक्ष्म छायाचित्र घेतले जाते. त्यानंतर बहुतेक अभ्यासकांना मूळ कागद हाताळावा लागत नाही. मागची बाजूही टिपणे आवश्यक असते, कारण जुन्या मालकांचे शिक्के आणि टिपणे अनेकदा तेथेच सापडतात. तिरप्या प्रकाशात कागदावरील दाब व ओरखडे दिसतात, तर आरपार प्रकाशात उमटणाऱ्या जलचिन्हावरून कागदाचा काळ ठरवण्यास मदत होते.

खरे कष्ट मात्र नोंदींचे. चित्रकार, विषय, तंत्र व पूर्वीचे मालक यांची माहिती चुकली, तर चित्र संकेतस्थळावर असूनही शोधणाऱ्याला सापडत नाही.

जून २००९ मध्ये संग्रहालयाच्या भूमिगत स्वयंचलित कोठारात पावसाचे पाणी शिरले आणि लाखो कलाकृती सुरक्षित स्थळी हलवाव्या लागल्या. छायाचित्र मूळ कागदाला वाचवू शकत नाही. पण तो कसा होता, याची साक्ष त्यात उरते. आज आल्बर्टिनाच्या संकेतस्थळावर शिकागो वा दुबईत बसूनही या संग्रहातील असंख्य चित्रे विनामूल्य पाहता येतात. ड्यूरर यांचा ससाही त्यांत आहे.