ऑप्टिकल कंप्रेसरच्या सॉफ्टवेअर प्रतिकृती

ऑप्टिकल कंप्रेसरची सॉफ्टवेअर प्रतिकृती म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने ध्वनीची पातळी आवरणाऱ्या जुन्या उपकरणांचे वर्तन संगणकावर घडवून आणणारी आज्ञावली होय. संगीताच्या मिक्सिंगमध्ये ती प्लग-इनच्या स्वरूपात, मुख्यत्वे गायनासाठी वापरली जाते.

मूळ उपकरणे

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध उपकरण म्हणजे टेलेट्रॉनिक्स एलए-२ए. अमेरिकेतील पॅसाडेना येथे जेम्स एफ. लॉरेन्स यांनी १९६० च्या दशकात ते विकसित केले. त्यात निर्वात नलिकांचा वापर होता. १९६९ मध्ये आलेल्या एलए-३ए मध्ये त्यांची जागा ट्रान्झिस्टरने घेतली. डेन्मार्कमधील ट्यूब-टेक सीएल १बी मध्ये दाबाचा वेग व प्रमाण वापरकर्त्याला ठरवता येते.

कार्यपद्धती

एलए-२ए मध्ये आवाज वाढला की एक विद्युत्प्रकाशी पट्टी अधिक उजळते. तिच्यासमोरील कॅडमियम सल्फाइडच्या प्रकाशसंवेदी घटकाचा रोध त्यामुळे घटतो आणि ध्वनीची पातळी खाली येते. दाब सुरू होण्यास सुमारे १० मिलिसेकंद लागतात. तो सुटताना निम्मा भाग ४० ते ८० मिलिसेकंदांत सुटतो; उरलेल्यास ०.५ ते ५ सेकंद लागू शकतात. घटकावर प्रकाश जितका तीव्र व जितका वेळ पडला असेल, तितकी ही सुटका मंदावते. ही ‘स्मृती’ कितपत हुबेहूब साधली आहे, यावर प्रतिकृतीचा दर्जा अवलंबून असतो.

निवडीचे निकष

भावगीतासारख्या संथ गायनास मंद सुटका मानवते, कारण तिच्यामुळे ओळीतील चढउतार सौम्य होतात. ढोलकीच्या जलद बोलांवर मात्र आधीच्या थापेचा दाब पुढच्या थापेवर रेंगाळू शकतो. तेथे अधिक चपळ किंवा वेग बदलता येणारी प्रतिकृती सोयीची ठरते. युनिव्हर्सल ऑडिओच्या संचात एलए-२ (मंद), ग्रे (मध्यम) व सिल्व्हर (जलद) अशी तीन रूपे आहेत. वेव्ह्जच्या सीएलए-२ए मध्ये मूळ उपकरणाचा गुंजारवही निवडता येतो. तो नको असल्यास बंद ठेवता येतो. सीएल १बी ची प्रतिकृती सॉफ्टट्यूबने तयार केली आहे.

तुलना करताना प्रक्रियेपूर्वीचा व नंतरचा आवाज समान पातळीवर आणणे आवश्यक असते, कारण मोठा आवाज कानाला सहसा अधिक चांगला भासतो. ऐकणे एकट्या वाद्यावर न थांबवता संपूर्ण गाण्यातही करावे लागते.

मर्यादा

प्रकाशसंवेदी घटक वयानुसार बदलत असल्याने एकाच प्रारूपाची दोन जुनी उपकरणे सारखी वाजत नाहीत. प्रतिकृती सहसा एखाद्या विशिष्ट उपकरणावर बेतलेली असते. म्हणून दर्शनी फलकाचे साम्य किंवा नाव हा निवडीचा पुरेसा आधार ठरत नाही.