दादरचे ‘पोर्तुगीज चर्च’

मंगळवारी दादर स्टेशनवरून सिद्धिविनायकाला पायी जाणाऱ्या माणसाला ‘पोर्तुगीज चर्च’ कुठे आहे, हे सांगावे लागत नाही. बसचा थांबा म्हणून, टॅक्सीवाल्याला सांगायची खूण म्हणून हे नाव सर्वांच्या तोंडी आहे. पण त्या नावाची वास्तू आत जाऊन किती जणांनी पाहिली असेल? मीसुद्धा कित्येक वर्षे तिच्यासमोरून नुसता जातच होतो.

नाव ऐकून आपल्या डोळ्यांसमोर जुने, उंच मनोऱ्याचे चर्च येते. या जागी चर्च आहे ते १५९६ पासून, हे खरे. पण आजची इमारत १९७७ साली पूर्ण झाली. तिचे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया. साबरमतीचे गांधी स्मारक संग्रहालय आणि पणजीची कला अकादमी ही त्यांचीच कामे.

रस्त्यावरून पाहिले तर काँक्रीटचे, वर निमुळते होत गेलेले काही घुमटासारखे आकार दिसतात. ‘हे काय चर्च झाले?’ असे मनात येते. त्याचे उत्तर आत गेल्यावर मिळते. इथे एकच एक मोठा दिवाणखाना नाही. एकमेकांत मिसळलेल्या अनेक जागा आहेत. काहींवर छत, तर काही मोकळ्या आकाशाखाली. आपल्या वाड्यांत चौक असायचा, त्याची आठवण व्हावी, अशी ही रचना.

आणि ते घुमट? ते नुसत्या शोभेसाठी नाहीत. माणसे जमली की हवा तापते. तापलेली हवा हलकी, ती वर चढते आणि या काँक्रीटच्या धुराड्यांतून बाहेर पडते. तिची जागा घ्यायला चौकातली हवा आत येते. मुंबईच्या दमट हवेला दिलेले हे साधे उत्तर आहे. वर पाहाल तर घुमटाच्या काचेवर एम. एफ. हुसेन यांचे रंगकामही दिसेल.

हे आवर्जून सांगण्याचे कारण असे, की अशा इमारतींना आपण ‘वारसा’ मानत नाही. त्या धड जुन्या नाहीत, धड नव्या नाहीत. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचे राज रेवल यांचे ‘हॉल ऑफ नेशन्स’ १९७२ साली उभे राहिले आणि एप्रिल २०१७ मध्ये पाडले गेले. साठ वर्षे न झालेल्या इमारतीचा वारसा म्हणून विचार करता येत नाही, अशी भूमिका तिथल्या समितीने घेतली होती. म्हणजे म्हातारे होण्याआधीच मरण!

तेव्हा पुढच्या वेळी त्या थांब्यावर उतराल, तेव्हा दहा मिनिटे काढा. प्रार्थनेची वेळ टाळा, हे देऊळच आहे असे समजून शांतपणे आत जा, छायाचित्र घ्यायचे तर आधी विचारा. मग क्षणभर उभे राहून वर पाहा. जी वास्तू लोकांनी डोळे भरून पाहिली आहे, ती पाडताना कोणाचाही हात थोडा तरी अडखळतो.