सेकंडहँड आय-फाइव्ह की नवाकोरा सेलेरॉन?

सोयाबीनचे पैसे हातात आले की धाराशिव जिल्ह्यात ज्या खरेद्या निघतात, त्यांत हल्ली लॅपटॉपही असतो. पोरगं तंत्रनिकेतनाला किंवा बीसीएला लागलेलं, बजेट वीस-पंचवीस हजार. दुकानदार दोन यंत्रं पुढे ठेवतो. एक सीलबंद नवं. दुसरं पुण्या-बंगळुरूच्या एखाद्या कंपनीत तीन-चार वर्षं राबून बाहेर पडलेलं लॅटिट्यूड नाहीतर थिंकपॅड. घरातले वडीलधारे नव्याकडे झुकतात, ‘दुसऱ्याचं लचांड कशाला?’ माझा कौल जुन्याला आहे, पण एक अट घालून.

आधी नव्याचं बघू. या किमतीत बहुधा सेलेरॉन एन४०२०सारखा प्रोसेसर मिळतो: दोन कोअर, ६ वॅटचा बेताचा जीव. रॅम ४ जीबी, तीही अनेकदा मदरबोर्डवरच डकवलेली, म्हणजे पुढे वाढवायची सोय नाही. ब्राउझरमध्ये महाडीबीटीचा फॉर्म, शेजारी यूट्यूबवरचं लेक्चर आणि मागे अँटिव्हायरस एवढ्यावरच ती संपते. मग संगणक उरलेला माल डिस्कवर नेऊन ठेवतो, लागेल तसा परत आणतो, आणि माउसवरचं गोल चक्र फिरत राहतं.

आता अट. जुनं यंत्र इंटेलचं असेल तर आठव्या पिढीच्या आधीचं घेऊ नका. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि मोजके अपवाद सोडले तर विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनच चालतं. दुकानात नुसतं ‘आय-फाइव्ह आहे, बिनधास्त न्या’ म्हणतात; त्याच्यापुढचा आकडा वाचा. आय५-७२००यू म्हणजे सातवी पिढी, दोन कोअर. आय५-८२५०यू म्हणजे आठवी, चार कोअर. स्टिकर सारखाच, आत दुप्पट फरक. सातव्या पिढीवरही विंडोज ११ खटपटीने बसवून देतात. चालतं, पण पुढच्या अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोजऐवजी उबुंटू टाकता येतं, पण ऑटोकॅड शिकणाऱ्याचं त्यावर भागत नाही.

जुन्यात हार्डडिस्क असेल तर ती बदलून एसएसडी बसवूनच घ्या. ५४०० आरपीएमची तबकडी सेकंदाला ९० फेरे मारते. हवी ती माहिती सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. सुई सरकायला आणखी तेवढा किंवा जास्तच वेळ. विखुरलेल्या फायली वाचताना सेकंदाला शंभरही नोंदी हाती लागत नाहीत. एसएसडीत फिरणारं काही नसतंच, तिथे हा आकडा हजारांत जातो. ‘जुना लॅपटॉप स्लो’ ही तक्रार मला विचाराल तर बऱ्याचदा प्रोसेसरची नसून या तबकडीची असते.

जुन्याची खरी दुखरी नस बॅटरी. लिथियम-आयन सेलमध्ये ग्राफाइटवर एक थर चढत जातो आणि कामाचं लिथियम त्यात अडकून पडतं. उष्णतेने हे वेगाने होतं. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना पत्र्याच्या खोलीत, दिवसभर चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपची काय गत होत असेल! आपल्याकडे बॅटरी ही चैन नव्हे, लाइट गेल्यावर ती यूपीएसचं काम करते.

म्हणून पैसे मोजण्याआधी कमांड प्रॉम्प्टवर ‘powercfg /batteryreport’ ही आज्ञा चालवून घ्या. अहवालात दोन आकडे असतात: बॅटरी बनताना असलेली क्षमता आणि आज पूर्ण चार्ज झाल्यावरची. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करायला लावा. मग यंत्र पुन्हा सुरू करून बायोसमध्ये शिरा. तिथे जुन्या कंपनीचा पासवर्ड आडवा आला, तर दुकानदार कितीही सूट देवो, ते यंत्र तिथेच ठेवा.